ठिणगीचे घर

अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. जिल्ह्यातील माणसे मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या नुसते ‘नगर’ म्हणत आली आहेत. या नगरचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. दि. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस धावली, ती पुणे आणि नगर या दोन शहरांच्या दरम्यान. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची एक संस्था या शहरात आहे. रणगाड्यांचे एक संग्रहालयही येथे आहे. अशा या नगरात, सावेडी उपनगरातील एका लहानशा घराच्या अंगणात, एका रविवारी सायंकाळी एक बारा वर्षांची मुलगी आणि तिचे आजोबा मोटारीचे झाकण उघडून उभे होते.

मोटार जुनी होती. परंतु घरच्यांचा तिच्यावर जीव होता. गेले दोन दिवस ती अडखळत चालत होती. उभी असताना तिचे इंजिन थरथरे. चढ लागला की धाप लागलेल्या माणसाप्रमाणे ती मध्येच दम टाकी. “गाडी मिसिंग करते आहे,” असे आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. चार सिलिंडरांपैकी एकात ठिणगी नीट पडत नाही, असा त्याचा अर्थ. बाबांनी रविवारी सकाळीच चार नवे प्लग आणून ठेवले होते. सायंकाळी ते स्वतः बसविणार होते. पण दुपारी कारखान्यातून निरोप आला आणि आजारी पडलेल्या सोबत्याच्या जागी त्यांना दुसऱ्या पाळीला जावे लागले. ते मध्यरात्री घरी येणार होते, आणि पहाटे चार वाजता त्यांना पाथर्डीला निघायचे होते.

पाथर्डीला आजोबांची थोरली बहीण राहत असे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सोमवारी सकाळी नगरच्या रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. ही तारीख पुष्कळ दिवस वाट पाहून मिळाली होती. पाथर्डीहून नगरला येताना करंजी घाट चढावा लागतो. अडखळणारी गाडी त्या घाटात नेणे धोक्याचे होते.

आजोबांनी चाळीस वर्षे मोटारी दुरुस्त केल्या होत्या. परंतु आता त्यांचे हात कापत. चहाचा पेला धरावयाचा तर त्यांना दोन्ही हात लागत. त्यांनी एकदा इंजिनाकडे पाहिले, एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिले आणि मग नातीकडे वळून ते म्हणाले, “पोरी, आज डोके माझे आणि हात तुझे. जमेल?”

“जमेल, आजोबा,” ती म्हणाली आणि तिने लगेच पाना उचलला.

“ठेव तो खाली,” आजोबा हसून म्हणाले. “पहिले काम म्हणजे थांबणे. बाबा नुकतेच गाडी फिरवून आणून गेले आहेत. इंजिन अजून तापलेले आहे. प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा माथा अॅल्युमिनियमचा असतो. हा धातू हलका, पण मऊ. तापलेल्या माथ्यातून प्लग काढू गेलीस, तर आतले आटे प्लगाबरोबर सोलून येतील. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगापायी हजारो रुपयांचा माथा जाईल. हात लावून पाहा. चटका तर सोडाच, ऊबसुद्धा लागता कामा नये.”

इंजिन निवेपर्यंत आजोबा ओट्यावर टेकले आणि नात त्यांच्या पायाशी बसली. तिने नव्या प्लगांची खोकी उघडली. एक प्लग तळहातावर घेऊन ती तो निरखू लागली. तो अंगठ्याहून थोडा लांब होता. वरच्या बाजूस चिनी मातीसारखा पांढरा शुभ्र भाग, मध्ये षट्कोनी लोखंडी कंबर, खाली बारीक आटे आणि अगदी टोकाला धातूचा एक छोटा आकडा. तो आकडा मधल्या टोकावर वाकला होता. पण त्याला टेकला नव्हता. दोहोंमध्ये जेमतेम एक मिलिमीटरभर फट होती.

“आजोबा, एवढ्याशा वस्तूने गाडी चालते?”

“गाडी चालते पेट्रोलने. पण पेट्रोल पेटविते ही ठिणगी. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या खाली-वर फिरत असतो. तो खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर येतो तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. नेमक्या त्या वेळी प्लगाच्या फटीत ठिणगी पडते. मिश्रण भडकते आणि दट्ट्या जोराने खाली रेटला जातो. तो पुन्हा वर येतो तेव्हा जळलेला धूर बाहेर ढकलतो. चार फेऱ्यांत एक ठिणगी, असा हा हिशेब आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एका प्लगात मिनिटाला किती ठिणग्या पडतील?”

नातीने मनात आकडेमोड केली. “एका फेऱ्यात दट्ट्या एकदा खाली आणि एकदा वर जातो. म्हणजे दोन फेऱ्यांत एक ठिणगी. मिनिटाला दीड हजार. सेकंदाला पंचवीस!”

“बरोबर. तू डोळ्याचे पाते लवेपर्यंत तो प्लग कितीदा तरी काम करून मोकळा होतो.”

“पण बॅटरी तर बारा व्होल्टची असते. तिच्या तारा जोडल्या तरी अशी फट ओलांडून ठिणगी कोठे पडते?”

प्रश्न ऐकून आजोबांना समाधान वाटले. “बारा व्होल्टने ती फट ओलांडत नाही. म्हणून मध्ये कॉइल असते. कॉइलमध्ये तांब्याच्या तारांची दोन वेटोळी असतात, एक थोड्या वेढ्यांचे आणि दुसरे हजारो वेढ्यांचे. पहिल्यातील प्रवाह एकाएकी तोडला की दुसऱ्यात वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. एवढा दाब आला की हवाच वाट देते आणि वीज उडी मारते. हा पांढरा भाग आहे ना, तो विजेला बाजूने पळू देत नाही. त्याने तिला अडवून धरले, म्हणूनच ती नेमकी फटीतून जाते.”

मग आजोबांनी तिला या ठिणगीचा इतिहास सांगितला. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार याने वायूवर चालणारे इंजिन तयार केले. त्यात विजेच्या ठिणगीने वायू पेटविला जाई. १८७६ साली जर्मनीत ओटो याने चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले. पुढे कार्ल बेंझ याने तीनचाकी मोटार बनविली आणि १८८६ साली तिचे एकस्व मिळविले. परंतु ती मोटार दूर जाऊ शकते यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्याची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन त्या मोटारीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्त्सहाइम हा रस्ता शंभर किलोमीटरांहून अधिक होता. वाटेत ना दुरुस्तीचे दुकान, ना पेट्रोलचा पंप! इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीला लावावयाच्या टाचणीने ती मोकळी केली, असे सांगतात. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याच्या बंधाने तिने ती झाकली. औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले आणि ती सुखरूप माहेरी पोहोचली. पुढे १९०२ साली स्टुटगार्ट येथे बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाची वीज निर्माण करणारे यंत्र आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. तेव्हापासून मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली.

“आपण संग्रहालयात गेलो होतो, ते आठवते का?” आजोबांनी विचारले.

नातीला आठवत होते. नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली उघडले. तेथील मोकळ्या पटांगणात निरनिराळ्या देशांचे रणगाडे ओळीने उभे आहेत. त्यांतच रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीवर पोलादी कवच चढवून केलेली एक जुनी चिलखती गाडी आहे. तिच्याजवळ आजोबा बराच वेळ रेंगाळले होते.

“त्या गाडीच्या इंजिनाला सहा सिलिंडर, पण प्लग बारा. एकेका सिलिंडरला दोन दोन. तेथला सेंच्युरियन रणगाडाही पेट्रोलवरच चालणारा. १९६५ च्या युद्धात पंजाबात असल उत्तरच्या लढाईत आपल्या सेनेचे सेंच्युरियन लढले. अशा यंत्रांचा बंद पडण्याशी काही करारच नसतो. ती चालावीच लागतात. म्हणून एक प्लग रुसला तर दुसऱ्याने काम निभवावे, अशी योजना करीत. आपल्या गाडीला मात्र प्रत्येक सिलिंडरला एकच प्लग. त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी नाही.”

एव्हाना इंजिन निवले होते. नातीने त्यावर तळहात टेकवून पाहिला. मग आजोबा सांगत गेले आणि ती करीत गेली. प्रथम तिने गाडीची किल्ली काढून आजोबांच्या खिशात ठेवली. मग बॅटरीची ऋण टोकाची तार सोडविली. प्रत्येक प्लगावर टोपीसारखी एक कॉइल बसविलेली होती. तिची वायर तिने खटका दाबून सोडविली, वायर ओढली नाही. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढला आणि कॉइल हळूच फिरवीत वर उचलली. खाली एक खोल विवर दिसू लागले. त्याच्या तळाशी प्लग होता, आणि प्लगाभोवती धूळ होती.

“आता काढू?”

“धूळ आत गेली तर? दट्ट्याची आणि सिलिंडरची भिंत खरवडून काढील ती. सायकलचा पंप आण.”

नातीने पंपाने वारा मारून चारही विवरांतली धूळ उडविली. मग प्लगाचा लांब पाना सरळ आत उतरविला. तो तिरका झाला तर पांढरा भाग तडकतो, हे आजोबांनी तिला आधीच बजावले होते. पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरविताच प्रथम थोडे जड गेले आणि मग प्लग सैल झाला. पान्याच्या आतील रबराने प्लग धरून ठेवला होता. तो पान्याबरोबर वर आला. अंगणात वर्तमानपत्र पसरून आजोबांनी त्यावर एक ते चार असे आकडे लिहिले होते. निघालेला प्रत्येक प्लग नातीने आपापल्या आकड्यावर ठेवला आणि उघड्या विवरावर स्वच्छ फडके टाकले.

चारही प्लग निघाल्यावर ती ते गोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकू लागली. आजोबांनी तिचा हात धरला.

“अगं, चिठ्ठी न वाचताच फाडतेस? हे चौघे इंजिनाच्या पोटात राहून आले आहेत. आत काय चालले आहे, ते यांच्याखेरीज कोण सांगणार? नीट पाहा आणि मला सांग.”

नातीने खाली वाकून पाहिले. “पहिल्याचे टोक फिकट तपकिरी आहे. दुसऱ्याचे तसेच. चौथ्याचेही. तिसरा मात्र काळा आहे, आणि ओलसर.”

“वास घे.”

“पेट्रोलचा वास येतो.”

“म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पोहोचत होते, पण ते पेटत नव्हते. हाच आपला रुसलेला गडी. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग ही चांगल्या प्रकृतीची खूण. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे झाले असते, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, असे समजून मी हवेची गाळणी पाहिली असती. टोकाला तेलाचा लेप असता, तर इंजिनाचे तेल वर चढते आहे, असे म्हटले असते. टोक पांढरे पडून फोड आल्यासारखे दिसले असते, तर इंजिन फार तापते आहे, असे मानले असते. ज्याला वाचता येते त्याला प्लग फसवीत नाही.”

“आणि हा नवा प्लग घातल्यावरही मिसिंग राहिली तर?”

“तर दोष कॉइलचा आहे का ते पाहू. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर बसवावयाची. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरकडे गेली तर चोर सापडला. दुरुस्ती म्हणजे अंदाजाने वस्तू बदलीत सुटणे नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि काय होते ते पाहावयाचे.”

नव्या प्लगाची फट मोजण्यासाठी आजोबांनी पातळ पोलादी पात्यांचे गेज दिले. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत फटीचे माप दिलेले होते. त्या मापाचे पाते फटीतून किंचित अडत सरकले, तेव्हा माप जमले. जुन्या प्लगांत तेच पाते सैल जात होते. दर ठिणगीबरोबर टोकाचा धातू कणाकणाने झिजतो, फट वाढते आणि ती ओलांडण्यास विजेला अधिक जोर लागतो, हे आजोबांनी तिला समजावून दिले.

नवा प्लग बसविताना मात्र त्यांनी पाना बाजूला ठेवावयास लावला. त्यांनी हातभर लांबीची एक रबरी नळी काढली आणि प्लगाचे वरचे टोक तिच्यात खोवले. “या नळीने प्लग आत उतरव आणि नुसत्या बोटांनी फिरव. आटे सरळ जुळले तर तो लोण्यात सुरी जावी तसा जाईल. वाकडा बसला तर नळी तुझ्या बोटांत घसरेल; पण आटे खाणार नाही. पान्याला जोर असतो, पण त्याला कळत नाही. बोटांना कळते.”

पहिल्याच प्लगाला नळी घसरली. नातीने दात-ओठ खाऊन ती पुन्हा पिळली. “थांब,” आजोबा म्हणाले. “अडले की आधी मागे फिरावे. उलटा फिरव. हळू. आटे एकमेकांच्या तोंडाशी आले की हाताला बारीकसे ‘टक्’ कळेल. तेथून सुलटा घे.” तिने डोळे मिटून नळी उलटी फिरविली. हाताला टक् असे जाणवले. मग प्लग अलगद आत शिरला आणि तळाशी टेकला. त्यानंतरच आजोबांनी पाना हाती दिला. प्लग टेकल्यावर नव्या वायसरला दाब बसावा म्हणून अर्धा फेरा किंवा त्याहून थोडा अधिक, एवढाच. “सैल राहिला तर दाब निसटतो. फार आवळला तर आटे जातात. ताकद दाखविण्याची ही जागा नव्हे.” दुसरा प्लगही तसाच बसला.

एवढ्यात आजोबांना पुस्तिकेतील बारीक अक्षरे दिसेनात, म्हणून ते चष्मा आणण्यास घरात गेले. नातीने तिसरा नवा प्लग उचलला. तो नळीत खोवताना तिचा कोपर गाडीला लागला, आणि प्लग हातातून सुटून अंगणातील शहाबादी फरशीवर पडला. खणकन आवाज झाला.

तिने चटकन तो उचलला. फ्रॉकला पुसला. फटीत पाते घालून पाहिले. माप बरोबर होते. प्लग पूर्वीसारखाच नवा, पांढरा आणि चकचकीत दिसत होता. तिने इकडे-तिकडे पाहिले. अंगणात कोणी नव्हते. खोक्यात आता एकच प्लग उरला होता. अंधार पडू लागला होता आणि रविवारची दुकाने बंद होती. तिने प्लग नळीत बसविला, नळी विवराशी नेली आणि तिचा हात तेथेच थबकला.

आजोबा चष्मा लावून बाहेर आले, तेव्हा ती तशीच उभी होती.

“आजोबा,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “हा प्लग माझ्या हातून फरशीवर पडला. फट मी पाहिली, ती बरोबर आहे.”

आजोबा रागावले नाहीत. “किती उंचीवरून पडला?” एवढेच त्यांनी विचारले. त्यांनी भिंग मागविले आणि दिव्याखाली प्लग धरावयास सांगितले. पांढऱ्या भागावर, लोखंडी कंबरेच्या अगदी लगत, केसासारखी बारीक रेघ होती. नातीने नखाने ती पुसण्याचा प्रयत्न केला. ती पुसली गेली नाही.

“ही तडा गेल्याची खूण. आता समज, हा आपण बसविला असता. गाडी लगेच सुरू झाली असती. घरापासून पाथर्डीपर्यंत कदाचित काहीच कळले नसते. पण घाट लागला की काय होते? पाय दाबावा लागतो, सिलिंडरमध्ये मिश्रण अधिक भरते आणि अधिक दाबले जाते. दाबलेल्या मिश्रणातून उडी मारावयास विजेला अधिक जोर लावावा लागतो. तेव्हा ती सोपी वाट शोधते. तिला ही चीर सापडली असती, आणि ठिणगी फटीत पडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर पळाली असती. सपाट रस्त्यावर लपलेला दोष चढावर उघडा पडतो.”

नातीच्या डोळ्यांत पाणी आले. “मग आता काय करायचे? प्लग तर तीनच चांगले राहिले.”

“चौथ्या सिलिंडरचा जुना प्लग आठव. रंग कसा होता?”

“फिकट तपकिरी.”

“म्हणजे तो म्हातारा आहे, पण आजारी नाही. माझ्यासारखा,” आजोबा म्हणाले, तेव्हा ती रडता रडता हसली. तिसऱ्या विवरात शेवटचा नवा प्लग गेला. चौथ्याच्या जुन्या प्लगाचे टोक नातीने फडक्याने पुसले. मग आजोबांच्या सांगण्याप्रमाणे बाजूचा आकडा लाकडी ठोकळ्यावर अगदी हलकेच टेकवून वाकविला आणि पाते घालून फट मापात आणली. हा प्लग साध्या निकेलच्या टोकाचा होता, म्हणून असे करता आले. इरिडियमसारख्या मौल्यवान धातूचे बारीक टोक असलेल्या प्लगाला असा धक्का लावू नये, हेही त्यांनी सांगून ठेवले. तो जुना प्लग आपल्याच घरी परत गेला.

कॉइली बसल्या. खटके वाजले. बॅटरीची तार जोडली गेली. आजोबांनी खिशातून किल्ली काढली आणि गाडी सुरू केली. इंजिन एकदाही अडखळले नाही. नातीने बॉनेटवर हात ठेवला. थरथर थांबली होती.

रात्री बाबा आले, तेव्हा आजोबांनी त्यांना सारे सांगितले. तीन प्लग नवे आणि एक जुना आहे, घाटात गाडीला फार घाई करू नको, असेही बजावले. बाबा पहाटे चारला निघाले. नात जागीच होती. खिडकीतून तिने गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकला.

तिला झोप येईना असे पाहून आजोबांनी आपली जुनी हत्यारांची पेटी उघडली. तळाशी चिंधीत गुंडाळलेला एक गंजका प्लग होता. त्याच्या पांढऱ्या भागावर आडवी काळी रेघ होती.

“हा माझ्या हातून पडलेला,” ते म्हणाले. “मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. एका मोटारखान्यात नुकताच कामाला लागलो होतो. कोणी पाहिले नव्हते. मालक रागावतील म्हणून मी तो तसाच जीपगाडीत बसविला. त्याच रात्री ती जीप पावसात घाटात बंद पडली. तिच्यात एक बाळंतीण होती. दोन तासांनी एक ट्रक आला आणि त्यातून तिला पुढे नेले. माय-लेकरू वाचले, हे माझे दैव. मालकांनी प्लग माझ्या हातात ठेवला आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून तो या पेटीत आहे.”

नात काही बोलली नाही. तिने तो प्लग दिव्याजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिला.

सकाळी साडेसातच्या सुमारास फाटकाशी गाडी थांबली. मागच्या आसनावर आत्याआजी शाल पांघरून बसली होती. “घाट कसा चढलात?” आजोबांनी विचारले. “कळलासुद्धा नाही,” बाबा म्हणाले. आत्याआजीने अंधूक डोळ्यांनी नातीला चाचपून जवळ घेतले. तिच्या नखांत अजून काळे तेल होते. आत्याआजीला ते दिसत नव्हते. पण वास येत होता. “हे हात कोणाचे गं, मोटार दुरुस्त करणाऱ्याचे?” ती म्हणाली.

त्याच दिवशी सायंकाळी नातीने दुकानातून एक प्लग विकत आणला. इंजिन निवेपर्यंत ती ओट्यावर बसून राहिली. मग तिने चौथ्या विवरातला म्हातारा प्लग काढून त्या जागी नवा बसविला. या वेळी आजोबा शेजारी नुसते बसून होते. काम संपल्यावर तिने हत्यारे पुसून पेटीत ठेवली, आणि तडा गेलेला आपला प्लग आजोबांच्या प्लगाशेजारी त्याच चिंधीत गुंडाळून ठेवला.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एस. टी.ची पहिली बस कोणत्या दोन शहरांच्या दरम्यान व केव्हा धावली?
(आ) सिल्व्हर घोस्ट गाडीच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग का असत?
(इ) नातीने विवरातील धूळ कशाने उडविली?

२. कारणे द्या.
(अ) तापलेल्या इंजिनातून प्लग काढू नये.
(आ) नवा प्लग प्रथम रबरी नळीने व बोटांनी फिरवावा.
(इ) तडा गेलेला प्लग सपाट रस्त्यावर चालला, तरी घाटात दगा देतो.

३. प्लगाच्या टोकाचा रंग व इंजिनाची प्रकृती यांचा संबंध दाखविणारा तक्ता तयार करा.

४. इंजिन मिनिटाला दोन हजार चारशे फेरे घेत असेल, तर एका प्लगात सेकंदाला किती ठिणग्या पडतील?

५. “पान्याला जोर असतो, पण त्याला कळत नाही. बोटांना कळते.” या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

६. आजोबांनी आपला जुना प्लग इतकी वर्षे का जपून ठेवला असेल? नातीने आपला प्लग त्याशेजारी का ठेवला असेल? आठ-दहा ओळींत लिहा.

७. वाक्यात उपयोग करा : जीव असणे, दात-ओठ खाणे, निभावून नेणे, दगा देणे.

८. घरातील एखादी वस्तू वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली दुरुस्त करा आणि काय पाहिले, काय केले, ते क्रमाने लिहून काढा.